फोर-व्हील लागत नाय

मंडप सोडला की दोऱ्यांचे तुकडे उरतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकूनही देत नाही. मग एक दिवस बघावं तर पोतं भरलेलं असतं. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. अजूनही जुनी मंडळी कुठं चहाला भेटली, की पहिला घोट घ्यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "ती गाडी आठवते का रे?"

ती गाडी म्हणजे जनादादांची पिकअप. जनादादांचा मुरबाडला मंडपाचा धंदा. पाइप, ताडपत्र्या, खुर्च्या, जेवणाची मोठी भांडी, सगळं ते भाड्यानं द्यायचे. मी आयटीआय करून त्यांच्याकडे लाइटिंगचं काम बघायचो, म्हणून दादा मला नावानं कधी हाक मारत नसत, 'वायरमन' म्हणत. गाडीवर हिरामण. हा दादांच्या गावचाच, फार कमी बोलणारा माणूस. त्याला राग आला की तो दार आपटायचा, आणि दार किती जोरात आपटलं यावरून आम्ही समजून घ्यायचो. मोबाइल यायच्या आधीचा काळ. तेव्हा आम्हा तिघांची उमेदीची वर्षं त्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांनी खाल्ली.

*

गाडी धरणाच्या कामावरची. काम संपलं, गाड्यांचा लिलाव निघाला. दादा खरं तर एक टेम्पो घ्यायला गेले होते. पण या पिकअपच्या मागच्या फळीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'फोर व्हील ड्राइव्ह' लिहिलेलं त्यांनी वाचलं, आणि टेम्पोकडे परत बघितलंसुद्धा नाही.

"वायरमन, आता डोंगरातली लगनं आपली," घरी आल्यावर ते मला म्हणाले.

त्यात चूक काही नव्हती. सिद्धगडाखालच्या, माळशेजकडच्या पाड्यांवर टेम्पोवाले जायला तयार नसत. तिथं मंडप म्हणजे चार मेढी आणि वर जांभळीचा पाला. खुर्च्या, पंखे, झालर असलं काही तिथं पोचत नव्हतं. आपण पोचवू, असं दादांच्या मनानं घेतलं.

पहिलंच काम वैशाखरे गावाच्या आतल्या बाजूला, एका पाड्यावरचा साखरपुडा. वाटेत ओढा. पाणी नव्हतं, नुसती वाळू. गाडी मधोमध गेली आणि बसली. दादांना आनंदच झाला. त्यांना हेच तर हवं होतं.

"हिरामण, लाव फोर-व्हील."

गिअरच्या शेजारी एक छोटा दुसरा गिअर होता. हिरामणनं तो खेचला. समोर पिवळा दिवा लागला. दादांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही तो दिवा त्यांनीच बसवलाय. हिरामणनं गाडी रेस केली. मागची चाकं वाळू उडवत आणखी खाली गेली. पुढची चाकं मानपान न मिळालेल्या पाहुण्यासारखी गप्प बसून राहिली.

शेवटी पाड्यावरची माणसं ढकलायला आली. त्यांच्यातले एक आजोबा गाडीभोवती फिरून म्हणाले, "तुमी तर म्हनला व्हता चारी चाकं फिरतात."

"फिरतात की," दादा म्हणाले.

"मंग?"

आतून हिरामण म्हणाला, "फिरतात आजोबा. पन आळीपाळीनं."



*

मुरबाडमध्ये ज्याला त्याला गाडी दाखवली. सगळ्यांनी वाकून बघितलं आणि शहापूरला जायला सांगितलं. शहापूरला हायवेच्या कडेला एक मेस्त्री होते, जीपगाड्यांची कामं करायचे. ते सगळं डोळे मिटून ऐकायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे.

आमचं ऐकून त्यांनी विचारलं, "खाली उतरून लॉक केलं होतं का?"

"दारं ना?" दादा म्हणाले. "दारं लावल्याशिवाय आमी गाडी हलवतच नाय."

मेस्त्रींनी डोळे उघडले. उठून पुढच्या चाकाशी गेले. चाकाच्या मधोमध बोटांनी फिरवायची एक चकती होती. फोर-व्हील लावायची असेल तर आधी खाली उतरायचं, दोन्हीकडची चकती फिरवून लॉक करायची, मग गाडीत बसून तो छोटा गिअर टाकायचा. नाहीतर दिवा लागतो, चाकं काही ओढत नाहीत.

हे एवढंच होतं म्हणून आम्हाला हायसं वाटलं. पण चकती फिरेना. मेस्त्रींनी जोर लावला, पकड लावली. मग नखानं खरवडून बघितलं आणि विचारलं, "हा रंग कुणी दिला?"

दसऱ्याला दादांनी गाडी सजवली होती. मंडपाच्या खांबांना मारतो तो चंदेरी रंग त्यांनी चाकांच्या मधल्या भागाला दिला होता. एक हात नव्हे, दोन हात.

रॉकेल लावून, खरवडून, ठोकून ती चकती सुटली. पण रंगाबरोबर तिच्यावरची 'लॉक' आणि 'फ्री' ही अक्षरंही गेली. मेस्त्री म्हणाले, "आता लक्षात ठेवा. उजवीकडे फिरवली की लॉक."

"कुनाच्या उजवीकडं?" हिरामणनं विचारलं.

मला तो प्रश्न तेव्हा आगाऊपणाचा वाटला. पण पुढचे कित्येक दिवस हिरामण त्याच्या बाजूची चकती चाकाकडे तोंड करून फिरवायचा, आणि दादा त्यांच्या बाजूची गाडीच्या तोंडाकडे बघून. म्हणजे एक बैल जुंपलेला आणि दुसरा सोडलेला. आम्ही ठिकठिकाणी चिखलात बसून राहायचो आणि दोघंही छातीवर हात ठेवून सांगायचे, "माझी बाजू लॉक हाय."

शेवटी हे भांडण रोज दादांच्या घरात यायला लागलं, तेव्हा वहिनी बाहेर आल्या. लेकीच्या नेलपॉलिशची बाटली घेतली, मेस्त्रींना फोन लावून खात्री केली आणि दोन्ही चकत्यांवर लाल ठिपका काढला. "ठिपका वर आला की लॉक," त्या म्हणाल्या. "आता परत माझ्या दारात उजवीकडं-डावीकडं नको."

*

चकत्यांचं मिटलं, तर गिअरनं सुरू केलं. छोटा गिअर टाकला की दिवा लागायचा, आणि गाडी जरा हलली की गिअर आपोआप बाहेर यायचा. मी तो हातानं धरून बसायचो. मनगट सुजलं माझं.

पुन्हा शहापूर. मेस्त्रींनी गाडी आत घेतली, गिअर टाकला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "लागतो की."

आम्ही निघालो. गावाबाहेर येऊन बघतो तर सुटला.

पुन्हा गेलो, पुन्हा गॅरेजात लागला. दुसऱ्यांदा तसं, तिसऱ्यांदा तसं. डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तसा प्रकार. तिसऱ्या खेपेला मेस्त्री हिरामणला म्हणाले, "गाडीत काही दोष नाही. तुम्ही चालवता कशी, ते सांगा."

हिरामणनं दार असं आपटलं की आरसा पडला.

चौथ्या खेपेला मेस्त्रींनी नेहमीप्रमाणे आधी केबिनमधली लाल सतरंजी बाहेर काढली. ही सतरंजी एका स्टेजच्या कामातून उरलेली. आपला धंदा शोभेचा आहे, गाडीतही शोभा पाहिजे, म्हणून दादांनी ती दुहेरी घडी करून पायाखाली अंथरली होती. मेस्त्री नीटनेटके. कामाच्या आधी ती काढून ठेवायचे आणि काम झालं की स्वतःच्या हातानं पहिल्यासारखी घालून द्यायचे.

त्या दिवशी मात्र ती काढून खाली ठेवली आणि गॅरेजमधलं कुत्रं येऊन तिच्यावर झोपलं. मेस्त्री त्याला उठवेनात. म्हणाले, "राहू दे, असंच रस्त्यावर बघून येऊ."

आम्ही हायवेच्या कडेच्या कच्च्या वाटेनं लांबवर जाऊन आलो. गिअर जागचा हलला नाही. परत आलो. मेस्त्रींनी गिअरच्या खालची मोकळी जागा बघितली, मग सतरंजीची जाडी बघितली. तिच्यामुळे गिअर पुरता बसतच नव्हता.

कुत्र्याकडे बघून मेस्त्री म्हणाले, "इतक्या खेपा मारल्या आणि रोग ओळखला यानं."

सतरंजी दादांनी कुत्र्यालाच दिली.

*

मध्ये एक छोटी गोष्ट. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला वाट द्यायला म्हणून गाडी खाली उतरवली आणि रुतली. आम्ही तिघं गुडघाभर चिखलात. मागून एसटी आली. ड्रायव्हर दादांच्या ओळखीचा. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय जनादादा, चार चाकं वढतात ना हिची? माझ्या गाडीची दोनच वढतात. तरी टायमात जातो बघ."

दादांनी हातातला दगड चाकाखाली नीट लावला आणि मग वर बघितलं. "तुझी गाडी सरकारची हाय," ते म्हणाले. "माझी हौसेची हाय."

*

पण एकदा ती गाडी चालली. ते सांगितलं नाही तर तिच्यावर अन्याय होईल.

श्रावणातली सकाळ. धसईच्या वरच्या अंगाला डोंगराकडे एक वस्ती आहे. तिथं सप्त्याचा मंडप सोडायला आदल्या संध्याकाळीच गेलो होतो. रात्रभर पाऊस पडून वाटेची नुसती लापशी झालेली. आम्ही पाइप चढवत होतो, तेवढ्यात सोमा नावाचा एक जण धावत आला. त्याची बायको अडली होती. रात्रीपासून कळा देत होती. सुईणीनं हात टेकले होते. डोलीनं न्यायचं तर खांदा द्यायला माणसं नव्हती, सगळी दूरच्या शेतांवर गेलेली. सोमा दादांना एवढंच म्हणाला, "तुमची गाडी डोंगरातली हाय म्हनं."

दादांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्यांनी चढवलेले पाइप परत खाली टाकायला लावले. पाठीमागे मंडपाच्या गाद्या अंथरल्या. सोमाच्या बायकोला चौघींनी धरून आणलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ओरडत नव्हती, ओठ पांढरे पडले होते.

दादा स्वतः चिखलात बसले. एका चाकाचा ठिपका वर, मग दुसऱ्या चाकाचा. दोन्ही हातानं चाचपून बघितले. हिरामण गाडीत बसला, गिअर टाकला, दिवा लागला. त्या दिव्यावर आता आमचा कुणाचाच विश्वास नव्हता.

वस्तीतून निघालं की ओढा, आणि ओढ्यापलीकडे तांबड्या मातीचा चढ. गाडी चढाला लागली, अर्ध्यात आली आणि मागून आडवी सरकायला लागली. मला वाटलं, संपलं. हिरामण तोंडातल्या तोंडात कुठल्या देवाला काय बोलत होता देव जाणे. आणि एकाएकी पुढून कुणी दोर लावून ओढावं तशी गाडी सरळ झाली. पुढची चाकं फिरत होती. मी खिडकीतून डोकं काढून बघत होतो, माझ्या बाजूचं चाक माती उडवत होतं. मागे दादा उभ्यानं सोमाच्या बायकोवर ताडपत्री धरून होते. धसईच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

मुलगी झाली. आई वाचली. सोमा पायरीवर बसून रडला. दादा त्याच्या शेजारी बसले, चिखलाच्या हातानंच तोंड पुसलं आणि बाहेर आलेल्या नर्सला कुणी न विचारता म्हणाले, "फोर-व्हील हाय."

आता परत निघायचं. हिरामण छोटा गिअर काढायला गेला तर तो निघेना. डांबरी रस्त्यावर गाडी अडखळत चालायला लागली, वळताना टायर किंचाळायला लागले. इतकी वर्षं लागत नव्हता, आता लागला तो सुटेना. एसटीडी बूथवरून मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "थोडी रिव्हर्स घ्या, सुटेल."

थोडी म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्याच्या रस्त्यावर सुटला नाही. पुढच्या वळणावर सुटला नाही. त्या दिवशी धसईचा बाजार. आमची गाडी उलटी बाजारात शिरली. दोन्ही बाजूंना काकड्या, शिराळी, रानभाज्या मांडलेल्या, आणि दादा गाडीच्या मागे चालत वाट करून देतायत. "सरा गो, सरा. फोर-व्हील सुटत नाय."

एक भाजीवाली मावशी आपली पाटी ओढून घेत शेजारणीला म्हणाली, "लागत नव्हती तवा पन यानीच आरडायचं. आता लागली, तरी हाच आरडतो."

*

आणि हा शेवटचा. वैशाखातलं लग्न, सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावर.

मुलीचे वडील बुधाजी. त्यांनी दादांना दिवाळीलाच गाठून ठेवलं होतं. मुलगा शहापूरचा, नोकरीवाला. त्याच्याकडच्या मंडळींनी सुपारीच्या वेळी सहज विचारलं होतं, "तुमच्याकडं बसायला वगैरे काय सोय असते?" ते बुधाजींच्या मनाला लागलं होतं. "दादा, खुर्च्या पायजेत. झालर पायजे. पंखा फिरला नाय तरी चालंल, पन दिसला पायजे," असं त्यांचं म्हणणं.

आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला. सकाळी आम्ही पाड्याच्या खालच्या चढाला पोचलो आणि अडकलो. ठिपके वर होते. पायाखाली सतरंजी नव्हती. गिअर बसलेला, दिवा लागलेला. आणि पुढची चाकं ढिम्म.

"परत लाव," दादा म्हणाले.

हिरामणनं परत लावला. मग दादांनी बसून लावला. मग मी लावला. हिरामण खाली उतरला आणि त्यानं दार आपटलं. त्या आवाजानं वरची माणसं धावत आली.

बुधाजींनी गाडीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. वऱ्हाड निघालेलं असणार. ते फक्त म्हणाले, "खांद्यावर घ्या." आणि सगळा पाडा खाली उतरला. पाइप, ताडपत्र्या, खुर्च्या, भांडी, माझे दिवे, सगळं माणसांच्या खांद्यावरून वर गेलं. नवरीचे दोन मामा जनरेटर उचलून घेऊन गेले. वऱ्हाड खालच्या वळणावर दिसलं, तेव्हा मी शेवटची झालर बांधत होतो. मुलाकडचे पाहुणे चिखलातून चढून आले आणि खुर्च्यांच्या रांगा बघून दोन क्षण उभेच राहिले. बुधाजींनी त्यांना बसा म्हटलं. आवाज जरासा मोठाच होता.

लग्न लागलं. पंगती बसल्या. तेवढ्यात हिरामण आला, डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. तो इतका वेळ गाडीखाली झोपून होता.

"दादा, गाडीखालचा पुढचा दांडा नाय."

"कंचा दांडा?"

"जो पुढची चाकं फिरवतो तो. मोडला नाय, पडला नाय. जागेवरच नाय. बोल्ट काढून नेलाय कुनीतरी."

 दादांनी उपरण्यानं मान पुसली. मग हळूच म्हणाले, की थंडीत हायवेवर एका गॅरेजात ऑइल बदलायला गेले होते. तिथला माणूस म्हणाला, हा दांडा उगाच फिरतो, डिझेल खातो. काढून ठेवू, पावसाळ्याच्या आधी लावून घ्या.

"आनि तुमी काढू दिला?"

"मायलेज वाढतो म्हनला."

हिरामणनं इकडेतिकडे बघितलं. तिथं आपटायला दार नव्हतं. "दांडा कुठं हाय मंग?" त्यानं विचारलं.

"गाडीतच टाकतो म्हनला होता. मागं. पाइपांबरोबर."

आम्ही तिघांनी एकदम वर बघितलं. सगळे पाइप मंडपाला लागलेले. हिरामण एकेक खांब बघत मंडपभर फिरला. पाहुण्यांना वाटलं, हा मंडप पडतोय की काय ते बघतोय, म्हणून काही जण सावरून बसले. दांडा कुठंच नव्हता. शेवटी दादांनी त्याला ओढून आमच्याजवळ पंगतीला बसवलं.

तेवढ्यात चुलवणाकडून भाताचा मोठा टोप आला. कड्यांत दोरी ओवून टोप मधोमध लोंबता ठेवलेला, आणि दोरीतून घातलेला एक जाड, आखूड लोखंडी दांडा दोन गड्यांच्या खांद्यांवर. दोन्ही टोकांना सांधे. ते सांधे त्यांच्या खांद्यांवर मापानं केल्यासारखे बसले होते.

पुढचा गडी दादांना बघून हसला. आमच्याच भांड्यांबरोबर फिरणारा आचारी तो. "दादा, ह्यो दांडा लय कामाचा. आख्ख्या सीझनचा भात यानंच उचलला. असला अजून एखादा मिळंल का बघा."

हिरामण उठायला लागला. दादांनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"गप बस," ते म्हणाले. "आधी वऱ्हाडाला भात वाढू दे."